गडमाथ्यावरचा मुक्काम तिथल्या पाण्याने ठरवावा

सह्याद्रीतल्या एखाद्या उंच माथ्यावर एका रात्री किती माणसांनी मुक्काम करावा, हे सध्या बहुतेक ठिकाणी कोणीच ठरवत नाही. पायथ्याला गाड्या लावायला किती जागा आहे, तंबू भाड्याने देणाऱ्याकडे किती तंबू आहेत आणि शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली आहे का, यांवरून ती संख्या आपोआप ठरत जाते. ती तिथल्या पाण्यावरून ठरावी, असे मला या लेखात मांडायचे आहे. माथ्यावरची टाकी, कुंडे आणि तळी पावसाळा संपताना भरलेली असतात आणि पुढच्या सात-आठ महिन्यांत त्यांत फारशी भर पडत नाही. तेव्हा त्या साठ्याला जितकी माणसे झेपतील तितक्यांनीच तिथे रात्र काढावी. बाकीच्यांनी दिवसा चढावे, माथा मनसोक्त पाहावा आणि मुक्कामाला खाली गावात उतरावे. हा हिशोब मांडण्याचा आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचा अधिकार पायथ्याच्या ग्रामसभांकडे असावा, हे या मागणीचे दुसरे अंग आहे.

हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घेऊ. अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे अकोले तालुक्यात हा डोंगर उभा आहे. त्याचा माथा एकाच टोकाचा नाही. सुमारे १,४२५ मीटर उंचीचे तारामती हे त्याचे सर्वोच्च शिखर, पश्चिम अंगाला रोहिदास, पूर्वेकडे बालेकिल्ल्याचा स्वतंत्र डोंगर आणि या साऱ्यांच्या मध्ये पसरलेले उंचसखल पठार, जे पश्चिमेकडे कोकणकड्याच्या आत वळलेल्या प्रचंड कातळावर एकाएकी संपते. गडावर येणाऱ्यांना ओढ असते ती तारामतीची आणि कोकणकड्याची; परंतु माणसाची वस्ती मात्र या दोन्ही ठिकाणी कधी झाली नाही. मंदिर, लेणी, गुहा असे मानवनिर्मित जे काही आहे, ते बहुतांश तारामतीच्या उत्तरेकडच्या खोलगट भागात एकवटले आहे, कारण पाणी तिथे आहे. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराच्या आसपास कातळात खोदलेली टाकी आहेत, शेजारी देवळ्यांची रांग असलेली पुष्करणी आहे, आणि थोडे खाली केदारेश्वराच्या गुहेत मोठे शिवलिंग कमरेइतक्या थंडगार पाण्यात उभे आहे. याच परिसरातून मंगळगंगा निघते, पाचनईच्या अंगाने खाली उतरते आणि मुळा नदीला मिळते. चांगदेवांचे नाव असलेले शिलालेख ज्या जागी कोरले गेले, ती जागा तपश्चर्येला योग्य वाटली असेल तर त्यात एकांताइतकाच पाण्याचाही वाटा असला पाहिजे.

हे पाणी माथ्यावर टिकते कसे, हे समजून घेतल्याशिवाय त्याचा नाजूकपणा लक्षात येत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. हे थर एकसारखे नाहीत. काही घट्ट आणि अखंड आहेत, काही सच्छिद्र किंवा भेगाळलेले आहेत, आणि दोन थरांच्या मध्ये अनेकदा तांबड्या मातकट खडकाचा पातळ पट्टा असतो. भेगाळ थरात मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि दोहोंच्या सांध्यातून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. ज्यांनी टाकी खोदली त्यांनी कोणतेही यंत्र हाताशी नसताना नेमका अखंड कातळ निवडला, म्हणून काही शतके उलटली तरी त्यांतली कित्येक टाकी आजही गळत नाहीत. पण या रचनेची दुसरी बाजूही आहे. माथ्याच्या वर आणखी डोंगर नसतो. त्यामुळे वरून झिरपत येणारा साठा जवळपास नसतोच. माथ्यावर जो पाऊस पडतो, त्यातले जे खळग्यात थांबले तेवढेच माथ्याचे. खालच्या गावातली विहीर उपसली तर ती आजूबाजूच्या जमिनीतून काही प्रमाणात पुन्हा भरते. टाके उपसले की पुढच्या जूनपर्यंत ते उपसलेलेच राहते.

ही मर्यादा आपल्या पूर्वजांना पुरती ठाऊक होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे आज्ञापत्र हे राज्यकारभारावरचे लेखन अठराव्या शतकाच्या आरंभीचे आहे, आणि त्यातल्या दुर्गप्रकरणात पाण्याविषयी जे सांगितले आहे ते आजच्या कोणत्याही व्यवस्थापन आराखड्याच्या पहिल्या पानावर छापावे इतके नेमके आहे. गड बांधण्यापूर्वी आधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि तरीही त्या जागी गड बांधणे भाग असेल तर खडक फोडून पुढच्या पावसापर्यंत साऱ्या गडाला पुरतील अशी तळी-टाकी आधी करावीत. एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. आणि दोन-चार टाकी राखीव ठेवून त्यांतले पाणी खर्चू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. झऱ्यावर भिस्त का ठेवू नये याचे कारणही तिथे दिले आहे: लढाईच्या काळात तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. तोफांच्या आवाजाचा भूशास्त्रीय परिणाम किती होत असेल हा वेगळा विषय. पण गर्दीच्या काळात खर्च वाढतो आणि झऱ्याला त्याची पर्वा नसते, ही त्यातली समज अचूक आहे. गडावरची शिबंदी, म्हणजे पहाऱ्याची फौज, किती असावी याचा विचार पाण्याच्या विचारानंतर येत असे. आज आपण त्याच गडांवर शिबंदीहून मोठी गर्दी एका रात्रीत नेतो आणि पाण्याचा विचार वर पोहोचल्यावर करतो.

हिशोब करायचा झाला तर तो अवघड नाही. समजा एखादे टाके सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल आहे. ते काठोकाठ भरले तर त्यात ७२,००० लिटर पाणी मावेल. ऑक्टोबर ते मे या काळात उघड्या टाक्यातून बाष्पीभवनाने एक मीटर पाणी गेले असे धरले, आणि दख्खनच्या उन्हात हा अंदाज जास्त नाही, तर २४,००० लिटर तिथेच वजा होतात. उरलेल्या ४८,००० लिटरपैकी एक तृतीयांश वाटा वन्य प्राण्यांसाठी, गुरांसाठी आणि आज्ञापत्राच्या भाषेतल्या राखीव साठ्यासाठी ठेवला तर माणसांच्या वाट्याला ३२,००० लिटर येतात. एका माणसाने एका रात्रीच्या मुक्कामात पिणे, स्वयंपाक, चहा आणि भांडी यांसाठी काटकसरीने पाच लिटर वापरले, तर हे टाके पूर्ण कोरड्या हंगामात ६,४०० मुक्काम पेलू शकते. म्हणजे रोज सव्वीसच्या आसपास माणसे; किंवा मुक्काम केवळ शनिवार-रविवारच्या सुमारे सत्तर रात्रींपुरता ठेवला तर दर रात्री नव्वद. टाक्याची मापे मी इथे उदाहरणापुरती घेतली आहेत. कोणत्याही प्रत्यक्ष टाक्याची ती मोजणी नव्हे. पण या गणितातून जो आकडा येतो त्याची जातकुळी लक्षात यावी. तो दोन आकडी आहे. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात सह्याद्रीतल्या कोणत्याही प्रसिद्ध माथ्यावर तंबूंच्या ज्या वसाहती उभ्या राहतात, त्यांचा आणि या आकड्याचा काहीही संबंध उरलेला नाही.

शिवाय हा झाला फक्त प्रमाणाचा हिशोब. साठलेल्या पाण्याचा खरा धोका त्याच्या न वाहण्यात आहे. ओढ्यात कोणी साबण लावून भांडी घासली तर ते वाईटच, तरी पाणी पुढे जाते, पातळ होते, वाळूतून गाळले जाते. टाक्यात किंवा पुष्करणीत पडलेला साबण, तेल, उरलेले अन्न आणि प्लास्टिकची पाकिटे तिथेच मुरतात. एका गटाने एका सकाळी केलेला निष्काळजीपणा वर मांडलेल्या हजारो मुक्कामांचे पाणी पिण्याजोगे ठेवत नाही. मग पुढचे गट बाटलीबंद पाणी घेऊन चढतात, त्या बाटल्या वर राहतात, आणि ज्या टाक्याचे पाणी कोणी पीत नाही त्याची राखण करावी असे कोणालाही वाटत नाही. एकदा पिण्यातून गेलेले टाके काही वर्षांत कचऱ्याचा खड्डा होते, हे अनेक किल्ल्यांवर ज्याला पाहायचे आहे त्याला दिसेल. उघड्यावरच्या शौचाचे पहिल्या पावसात काय होते, हे या संदर्भात कोणी बोलत नाही. माथ्यावरचा उतार ज्या खोलगट भागाकडे पाणी नेतो, तिकडेच तेही जाते.

इथे गडसंवर्धनाच्या कामाविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण महाराष्ट्रात या विषयाची आस्था सर्वांत जास्त असलेली माणसे याच कामात आहेत. गेल्या काही वर्षांत तरुणांच्या अनेक गटांनी सुट्टीचे दिवस देऊन, पदराला खार लावून, बुजलेली टाकी मोकळी केली. त्यांनी घमेल्यांनी गाळ उपसला, झाडोरा काढला, आणि जिथे चिखलाशिवाय काही नव्हते तिथे पुन्हा स्वच्छ पाणी उभे राहिले. या श्रमाविषयी मनात आदर बाळगूनच मला असे म्हणायचे आहे की माथ्यावरच्या प्रत्येक पाण्याला एकच उपचार लागू पडत नाही. खोदीव टाके माणसाने माणसासाठी केलेले असते. त्यातला गाळ काढणे म्हणजे त्याला मूळ स्थितीत आणणे होय. तेही पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि देखरेखीखाली व्हावे, कारण त्या गाळात भांड्यांचे तुकडे, नाणी, भंगलेल्या मूर्ती अशी त्या जागेची कागदपत्रे पडलेली असू शकतात. नैसर्गिक तळे, कातळावरचे उथळ खळगे आणि सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, डबकी यांचे मात्र तसे नाही. त्यांच्या तळाशी जो बोटभर चिखल दिसतो, त्यात पुढच्या पावसाळ्याची सारी सृष्टी झोपलेली असते.

ही अतिशयोक्ती नाही. पश्चिम घाटातल्या सड्यांवरचे पाणी चार महिने असते आणि आठ महिने नसते, आणि तिथले जीव नेमके या चक्राशी जुळवून घेतलेले आहेत. सूक्ष्म कवचधारी जीव अंडी घालून मरतात आणि ती अंडी उन्हाळाभर कोरड्या चिखलात तग धरतात. साताऱ्याजवळच्या पठारांवर फुलणारा वायतुरा कंदाच्या रूपाने मातीत दडून राहतो. आंबोली परिसरातला एक दुर्मीळ भेक (बेडकाच्या जातीचा प्राणी), ज्याचे स्वतंत्र वैज्ञानिक वर्णन २००९ साली झाले, पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या उथळ पाण्यात प्रजनन करतो. ते पाणी हाताच्या पंजाएवढ्या खोलीचेही नसते. अशा ठिकाणी कोणी सद्‌हेतूने फावडे चालवले, तळ खोल केला, काठाला सिमेंट लावले आणि पाणी मेपर्यंत टिकू लागले, तर आपल्याला ते यश वाटेल. पण वर्षभर टिकणाऱ्या पाण्यात वेगळे जीव येतात आणि कोरडेपणावर जगणारे जीव निघून जातात. म्हणून मोजणीच्या वेळीच प्रत्येक पाण्यापुढे ते खोदीव आहे की नैसर्गिक, बारमाही आहे की हंगामी, अशी नोंद व्हावी आणि नैसर्गिक हंगामी पाण्याला कोणीही हात लावू नये. त्यातून माणसासाठी एक लिटरही धरू नये.

या लहान पाण्यांना कायद्याचे संरक्षण आहे का? इथे एक विचित्र पोकळी आढळते. देशातल्या पाणथळ जागांची उपग्रहावरून जी नकाशेबद्ध नोंद झाली, तिच्यात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागाच तपशिलाने आल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षणाचे जे निर्देश दिले ते याच यादीच्या आधारे. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर; गडावरचे सर्वांत मोठे तळेही सहसा या मापात बसत नाही. त्याच वर्षीच्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले मानवनिर्मित जलसाठे वगळले आहेत. हेतू कदाचित शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या तलावांना मोकळीक देण्याचा असेल, पण अक्षरशः वाचल्यास कातळात खांब राखून खोदलेली खांबटाकीही त्यातून वगळली जातात. नैसर्गिक तळे फार लहान म्हणून सुटते आणि खोदीव टाके मानवनिर्मित म्हणून सुटते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर हातात असलेले कायदे पुरेसे आहेत. त्यांचा वापर होत नाही. हरिश्चंद्रगड १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २९व्या कलमात अभयारण्यातले पाणी वळवण्यास, अडवण्यास किंवा त्याचा प्रवाह बदलण्यास परवानगीशिवाय मनाई आहे, आणि ३२व्या कलमात वन्यजीवांना अपाय होईल अशी रसायने व पदार्थ वापरण्यास मनाई आहे. पर्यटनासाठी प्रवेश हा तिथे हक्क नसून परवान्याचा विषय आहे, तेव्हा परवान्यासोबत मुक्कामाची संख्या बांधून देणे वन विभागाच्या अधिकारात बसते. अकोले तालुक्याचा मोठा आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे १९९६च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या, कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवण्याची तरतूद केली आहे, तर २००६च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने पाणलोट आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभांना दिला आहे. म्हणजे पाचनईच्या ग्रामसभेने गडावरच्या टाक्यांविषयी ठराव करणे ही कोणाच्या अधिकारावरची कुरघोडी ठरणार नाही. कायद्याने ज्याची वाट मोकळी केली आहे तेच काम ते असेल. पुरातत्त्व, वन आणि महसूल या खात्यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्यात सर्वांत आधी पाणी अनाथ होते.

लहान पाण्यालाही राज्य संरक्षण देऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या मंदिराजवळच्या पाण्यात, २०२० मध्ये माशाची एक नवी प्रजाती नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने तो २.११ हेक्टरांचा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. एक मंदिर, एक उगम, एक कुंड आणि जेमतेम पाच एकर जमीन! एवढ्या छोट्या जागेसाठी अधिसूचना निघू शकते, तर मंगळगंगेच्या उगमासाठी, साल्हेरच्या १,५६७ मीटर उंच माथ्याजवळच्या गंगासागर तलावासाठी किंवा राजगडाच्या पद्मावती माचीवरच्या तळ्यासाठी ती का निघू नये, याचे उत्तर मला सापडत नाही. साल्हेर आणि राजगड हे तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत. त्या यादीने आनंद झाला त्यांत मीही आहे. पण यादीबरोबर गर्दी येते, आणि माथ्यावरचे पाणी त्या गर्दीसाठी वाढत नाही.

या मागणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप पोटापाण्याचा आहे, आणि त्याला झटकून टाकणे मला मान्य नाही. पाचनई, खिरेश्वर यांसारख्या गावांतल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांकडे डोंगरउताराची थोडी भातशेती असते, ती एका पावसाळ्यापुरती. उरलेल्या महिन्यांत जेवण देणे, वाट दाखवणे, तंबू लावणे यांतून चार पैसे येतात, आणि पूर्वी नारायणगावच्या भाजीमळ्यांत मजुरीला जावे लागे त्या तरुणांना गावातच राहता येते. वर मुक्काम कमी झाले तर हे उत्पन्न बुडेल, ही भीती रास्त आहे. पण मुक्काम गडावर झाला तर पैसा कोणाकडे जातो, हेही विचारले पाहिजे. शहरात बसून समाजमाध्यमांवर जाहिरात करणारा आयोजक आपले तंबू, आपला स्वयंपाकी आणि आपले सामान घेऊन येतो. गावाच्या वाट्याला सामान वाहण्याची मजुरी आणि कचरा येतो. मुक्काम खाली आला तर अंगण गावाचे, चूल गावाची, आणि पाणीही अशा विहिरीचे जी पुन्हा भरू शकते. वरच्या मर्यादित जागा कोणाला द्यायच्या हे ग्रामसभेने ठरवले तर त्या जागांचे मोलही वाढेल. कास पठारावर दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि परिसरातल्या गावांच्या समितीचा सहभाग अशी व्यवस्था उभी राहिली. तिच्यात त्रुटी आहेत, कुंपणापासून शुल्कापर्यंत वाद झाले आहेत, तरी मर्यादा घातल्याने पर्यटन संपले नाही, एवढे तिने दाखवून दिले.

डोंगर सर्वांचे आहेत, त्यांवर संख्येची बंधने घालणारे तुम्ही कोण, असाही एक सूर असतो. डोंगर सर्वांचे आहेत हे मला मनापासून मान्य आहे, म्हणूनच दिवसा येणाऱ्यांवर पाण्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घालू नये असे मी म्हणतो. घरून दोन लिटर पाणी आणणारा माणूस टाक्यावर भार टाकत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेला परंपरेने जे येतात त्यांच्यासाठी वेगळा विचार गावाने करावा, तो गावाला चांगला करता येतो. रात्रीचा मुक्काम ही निराळी गोष्ट आहे. मार्च उजाडला की खालचे ओढे आटतात आणि भेकर, रानडुक्कर, बिबट्या यांना पाण्यासाठी माथ्याकडेच यावे लागते, तेही रात्री. त्या वेळी टाक्याच्या काठावर दिवे, ध्वनिवर्धक आणि शेकोट्या असतील तर प्राणी तहानलेला परत जातो. त्याच्या हक्काचा विचार करणारे कोणीतरी असले पाहिजे.

उरला तांत्रिक उपायाचा मोह: खालून पंपाने पाणी वर चढवा, टाक्या बसवा, प्रश्न मिटला. हा प्रयोग आपण केलेला आहे. माथेरानला शार्लोट तलाव अपुरा पडतो म्हणून नेरळकडून उल्हास नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने डोंगरावर चढवले जाते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, १८४२ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधवून घेतलेला वेण्णा तलाव आहे, आणि तरीही त्या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाणी चढवले की गर्दी त्या पाण्याच्या मापाने वाढते, मग सांडपाणी वाढते, आणि ते उतरते त्याच झऱ्यांकडे ज्यांवर खालची गावे जगतात. दोन्ही ठिकाणे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून केंद्र सरकारला घोषित करावी लागली, महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये. तोवर ती नगरे झालेली होती. हरिश्चंद्रगडाचे, रतनगडाचे, साल्हेरचे तसे व्हायचे अजून बाकी आहे, आणि पाइप टाकणे हे त्या दिशेचे पहिले पाऊल ठरेल.

या साऱ्याला एक मोठी चौकटही आहे. मंगळगंगा ज्या मुळेला मिळते, तिच्यावर राहुरी तालुक्यात २६ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचे मुळा धरण आहे. अहिल्यानगर शहर त्यावर पाणी पिते आणि हजारो एकर शेती त्यावर भिजते. शेजारच्या रतनगडावर उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याला अडते. दोन्ही नद्या एकत्र होऊन गोदावरीला मिळतात आणि जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात जातात. वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी किती पाणी सोडायचे यावर जवळपास दर टंचाईच्या वर्षी नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात संघर्ष होतो, न्यायालयात दावे चालतात, दशलक्ष घनफुटांपर्यंत हिशोब होतात. त्या भांडणातला प्रत्येक आकडा आपल्याला पाठ असतो. जिथून ही खोरी सुरू होतात त्या माथ्यावरच्या टाक्यांची आणि झऱ्यांची मोजणी मात्र कोणत्याही पाणीवाटपाच्या हिशोबात नसते. प्रमाण क्षुल्लक आहे म्हणून ती सोडून दिली असावी. पण उगम गढूळ करण्याची सवय लागलेला समाज खालच्या पाण्याविषयी न्याय मागतो तेव्हा त्याच्या मागणीचा पाया भुसभुशीत असतो, असे मला वाटते.

काम सुरू करायला मोठा निधी लागणार नाही. पायथ्याच्या गावातल्या पाच-सहा तरुणांनी मोजपट्टी, दोरी आणि खुणा केलेली काठी घेऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गडावरचे प्रत्येक पाणी मोजावे, त्याची लांबी-रुंदी, खोली आणि पातळी लिहून ठेवावी, आणि हेच मेच्या अखेरीस पुन्हा करावे. दोन नोंदींमधला फरक म्हणजे त्या हंगामाचा खर्च. त्यातून प्राण्यांचा आणि राखीव साठ्याचा वाटा आधी बाजूला काढून ग्रामसभेने पुढच्या हंगामाची रात्रीची संख्या ठरवावी, वन विभागाने ती परवान्यात लिहावी आणि नाक्यावर फलकावर लावावी. पाऊस कमी झालेल्या वर्षी ती संख्या कमी होईल, आणि एखाद्या वर्षी फेब्रुवारीपासून वरचा मुक्काम बंदच करावा लागेल. मोजणाऱ्यांना मानधन प्रवेश शुल्कातून मिळावे. एका गडावर दोन वर्षे हे करून पाहिले तर तिसऱ्या वर्षी इतर गडांसाठी नमुना तयार असेल, आणि त्याची सुरुवात हरिश्चंद्रगडावरून, येत्या ऑक्टोबरपासून करता येईल.